दुसऱ्याची ठेव : वित्तीय बाजारातील नीती आणि नियमपालन

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या कुटुंबांतील मुलामुलींच्या नोकऱ्यांची नावेच बदलून गेली. पूर्वी मुलगा पेढीवर बसे, बँकेत लागे किंवा सनदी लेखापाल होई. आता कोणी दलाली पेढीच्या जोखीम विभागात असतो, कोणी म्युच्युअल फंडात सौदे करणारा डीलर असतो, तर कोणाची मुलगी सूचीबद्ध कंपनीत कंपनी सचिव असते. या सर्वांच्या कामात एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘कम्प्लायन्स’. मराठीत त्याला ‘अनुपालन’ असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. हा शब्द ऐकला की प्रपत्रे, परिपत्रके, शिक्के आणि मुदतीच्या तारखाच डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्यामुळे नव्याने या क्षेत्रात आलेल्या तरुणांचा असा समज होतो, की खरा धंदा करणारे वेगळे आणि त्यांच्या वाटेत कागदांचे अडथळे उभे करणारे हे अनुपालनवाले वेगळे.

हा समज मुळातच चुकीचा आहे. बाजारातील नियमांची संख्या कितीही मोठी असली, तरी त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व कोणत्याही जुन्या पेढीवरील मुनिमाला सहज समजेल इतके साधे आहे : दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली, म्हणून ती आपली होत नाही. ही वस्तू कधी पैसा किंवा रोखे असते, कधी माहिती असते, तर कधी आपल्यावर विसंबणाऱ्या माणसाचे हित असते. तिन्ही प्रकारांत ती ठेवच होय. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आपल्या पूर्वाचार्यांनी खोटी वजनेमापे आणि राज्याच्या व्यापारविषयक नियमांचे उल्लंघन यांचाही समावेश केला आहे. थेट चोरी न करताही चोरीचा दोष लागू शकतो, ही समज आपल्याला नवी नाही. बाजार नियंत्रकांची परिपत्रके तीच गोष्ट आजच्या व्यवहाराच्या भाषेत सांगत असतात.

मुंबईने घेतलेला पहिला धडा

भारतातील शेअर बाजाराच्या इतिहासात शिस्तीचा पहिला मोठा धडा मुंबईनेच घेतला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून होणारा कापसाचा पुरवठा आटला. हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि नव्या बँका, वित्त कंपन्या व समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. समभागांचे भाव दर्शनी किमतीच्या कित्येक पट चढले.

या काळातील एका घटनेचा विचार प्रत्येक बँक अधिकाऱ्याने करावा असा आहे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेला मूळ सनदेनुसार कंपन्यांच्या समभागांवर कर्ज देण्यास मनाई होती. १८६३ च्या कायद्याने ही अट शिथिल झाली. समभाग तारण ठेवायचे, कर्ज घ्यायचे, त्या पैशांतून आणखी समभाग घ्यायचे आणि तेही पुन्हा तारण ठेवायचे, असे चक्र सुरू झाले. बाजारात ज्यांच्या शब्दावर लाखोंचे सौदे होत, त्या प्रेमचंद रायचंद यांचा प्रभाव बँकेच्या कर्जवाटपापर्यंत पोहोचला आणि संचालक मंडळाची देखरेख नावापुरती उरली. बँकेत सरकारचे भागभांडवल होते आणि सरकारनियुक्त संचालकही होते. तरीही हात वर करून ‘हे थांबवा’ असे ठामपणे म्हणणारा कोणी निघाला नाही.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा अनेकांचे दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि तिच्या पतनाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. १९२१ मध्ये ती इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये त्या बँकेची स्टेट बँक झाली.

या साऱ्याचे खापर एका व्यक्तीच्या माथी फोडणे सोपे आहे, पण त्यातून काही शिकता येत नाही. प्रेमचंदांच्या दातृत्वाची साक्ष राजाबाई मनोरा आजही देतो. खरा प्रश्न संस्थेचा होता. तारण कशाचे, त्याची खरी किंमत किती आणि कर्ज मंजूर करणाऱ्याला तपासणारा कोण, हे तीन प्रश्न विचारण्याची व्यवस्था मोडून पडली होती. दीडशे वर्षांनंतरही बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात याच तीन प्रश्नांना बगल देण्यापासून होते.

रोखे दुसऱ्याचे, कर्ज आपले

याचे अलीकडचे आणि ठळक उदाहरण म्हणजे हैदराबादच्या कार्व्ही स्टॉक ब्रोकिंग या दलाली पेढीचे प्रकरण. देशभर शाखा असलेली ही पेढी लाखो मध्यमवर्गीय गुंतवणूकदारांना परिचित होती. खाते उघडताना ग्राहक सर्वसाधारणपणे दलालाच्या नावे मुखत्यारपत्र देत असे. विकलेले समभाग ग्राहकाच्या डिमॅट खात्यातून बाजाराकडे वेळेवर पोहोचावेत, एवढाच त्याचा हेतू होता. सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशातून मात्र वेगळेच चित्र समोर आले. ग्राहकांचे समभाग पेढीच्या एका डिमॅट खात्यात वळवण्यात आले होते, त्या खात्याची माहिती शेअर बाजाराला देण्यात आली नव्हती आणि तेथून ते बँका व वित्तसंस्थांकडे गहाण ठेवून पेढीने स्वतःसाठी कर्जे उचलली होती. कर्जाची रक्कम २,००० कोटी रुपयांहून अधिक होती. ज्यांच्याकडून एका पैशाचेही येणे नव्हते, अशा ग्राहकांचे समभागही त्यात गेले होते.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच. ग्राहकाच्या विवरणपत्रात समभाग दिसत होते, लाभांशही मिळत होता. त्यामुळे आपल्या वस्तूवर दुसऱ्याने कर्ज काढले आहे याची त्याला शंकाही आली नाही. सेबीच्या आदेशानंतर डिसेंबर २०१९ च्या आरंभी सुमारे ८३,००० ग्राहकांचे समभाग त्यांच्या खात्यांत परत करण्यात आले. कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्था दाद मागण्यासाठी रोखे अपिलीय न्यायाधिकरणाकडे धावल्या. पुढे राष्ट्रीय शेअर बाजाराने पेढीचे सदस्यत्व काढून घेतले आणि २०२३ मध्ये सेबीने पेढी व तिच्या प्रवर्तकाला सात वर्षांसाठी बाजाराबाहेर ठेवले.

या प्रकरणात दलालाची नीती तर हरलीच, पण आम्हा बँकवाल्यांनाही त्यातून एक धडा मिळाला. कर्जाला तारण पुरेसे आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. ते तारण कर्जदाराच्या मालकीचे आहे काय, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. दागिना पिवळा आहे म्हणून सराफ तो ठेवून घेत नाही, तो आणणाऱ्याकडेही पाहतो.

नियंत्रकाने नंतर केलेली दुरुस्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवा उपदेश करण्याऐवजी त्याने व्यवहाराची रचनाच बदलली. १ सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी समभाग दलालाच्या खात्यात पाठवण्याची पद्धत बंद झाली. समभाग ग्राहकाच्याच खात्यात राहतात, तेथेच त्यांवर गहाणाची नोंद होते आणि त्यासाठी ग्राहकाला आपल्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीने संमती द्यावी लागते. २०२२ पासून व्यापक मुखत्यारपत्राऐवजी ठरावीक कारणांपुरतेच मर्यादित अधिकारपत्र आले. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, त्यामागे त्यांपैकी एकावर अविश्वास असतो असे नाही. मोहाचा क्षण कोणावरही येऊ शकतो, हे मान्य करून ती व्यवस्था केलेली असते. बाजारातील नव्या नियमांमागेही हाच विचार आहे.

माहिती हीसुद्धा ठेव

समभाग मोजता येतात, माहिती मोजता येत नाही. म्हणून तिची चोरी अनेकांना चोरी वाटत नाही. कंपनीचे तिमाही निकाल, लाभांश, विलीनीकरण, मोठी खरेदी किंवा विक्री यांविषयीची अप्रकाशित माहिती भावावर परिणाम करू शकते. ती जाहीर होण्यापूर्वी तिच्या आधारे व्यवहार करणे म्हणजे अंतस्थ व्यवहार. सेबीची यासंबंधीची पहिली नियमावली १९९२ ची असून सध्याची २०१५ ची आहे. नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यांसाठी तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तास उलटेपर्यंत स्वतःच्या कंपनीच्या समभागांत व्यवहाराची खिडकी बंद असते. अशी माहिती कोणी कोणाला दिली, याची नोंद फेरफार करता येणार नाही अशा संगणकीय नोंदवहीत ठेवावी लागते. दंडाची किमान रक्कम १० लाख रुपये असून ती २५ कोटी रुपये किंवा मिळालेल्या नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी अधिक असेल तिथपर्यंत जाऊ शकते.

या नियमावलीतील दोन गोष्टी कुटुंबांनी नीट समजून घ्याव्यात. पहिली ही, की केवळ व्यवहार करणेच निषिद्ध नाही. कायदेशीर कारण नसताना अशी माहिती दुसऱ्याला सांगणे आणि दुसऱ्याकडून ती मिळवणे हेही निषिद्ध आहे. दुसरी ही, की पती किंवा पत्नी, तसेच आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेले किंवा सल्ल्याने व्यवहार करणारे आईवडील, भावंडे आणि मुले यांनाही नियम ‘निकटचे नातलग’ मानतो. जेवणाच्या ताटावर सहज निघालेले वाक्य आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने केलेली खरेदी यांचा संबंध आज संगणक काही क्षणांत जोडू शकतो.

अंतस्थ व्यवहाराचेच एक भावंड म्हणजे ‘फ्रंट रनिंग’. म्युच्युअल फंड मोठी खरेदी करणार आहे हे डीलरला आधी कळते. त्याने ते बाहेर कळवले, तर बाहेरचा माणूस आधी खरेदी करतो, फंडाच्या खरेदीने भाव चढला की विकतो आणि फंडाला तेच समभाग चढ्या दराने घ्यावे लागतात. प्रत्येक समभागामागे फरक काही पैशांचाच असतो, पण तो हजारो छोट्या गुंतवणूकदारांच्या खिशातून जातो आणि त्यांतल्या कोणालाही ते कळत नाही. ॲक्सिस म्युच्युअल फंडाच्या संदर्भातील अशाच आरोपांवरून सेबीने २०२३ च्या आरंभी २१ व्यक्ती व संस्थांवर अंतरिम निर्बंध घातले. पुढच्याच वर्षी, असे गैरप्रकार ओळखण्याची व रोखण्याची अंतर्गत यंत्रणा उभारण्याची जबाबदारी नियमांनी सर्व फंड व्यवस्थापन कंपन्यांवर टाकली. गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीचे धोरणही त्यात आले.

सल्ला कोणाच्या हिताचा?

तिसरी ठेव म्हणजे ग्राहकाचे हित. येथे फसवणूक नसते, खोटी कागदपत्रेही नसतात. असतो तो फक्त एक कल. दोन योजनांपैकी जिच्यावर आपल्याला अधिक दलाली मिळते, तीच ग्राहकासाठी अधिक चांगली आहे असे मनापासून वाटू लागते. मनुष्यस्वभावाची ही गंमत जुनी आहे.

म्हणूनच नियंत्रकाने सल्ला आणि विक्री यांच्यामध्ये रेषा आखली. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडातील प्रवेशशुल्क बंद झाले. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा वितरकाविना घेता येणारा ‘डायरेक्ट’ पर्याय आला. त्याच वर्षी गुंतवणूक सल्लागारांची स्वतंत्र नियमावली आली आणि नोंदणीकृत सल्लागार हा ग्राहकाचा विश्वस्त आहे, हे तत्त्व तिने स्वीकारले. एकाच ग्राहकाकडून सल्ल्याचे शुल्क आणि त्याच ग्राहकाच्या खरेदीवर कंपनीकडून दलाली, असे दुहेरी उत्पन्न त्याला घेता येत नाही.

वितरकाचे काम यामुळे कमी प्रतीचे ठरत नाही. प्रामाणिक वितरक अनेक कुटुंबांना बचतीची शिस्त लावतो आणि पडत्या बाजारात धीर देतो. त्याने फक्त आपण कोणत्या भूमिकेत बोलत आहोत आणि आपल्याला काय मिळते, हे लपवू नये. सत्तरीच्या विधवा ग्राहकाला मुदत ठेवीच्या जागी दीर्घ मुदतीची, बाजाराशी जोडलेली विमा योजना देणे फॉर्मवरील स्वाक्षरीमुळे नियमात बसेलही. नीतीत ते बसत नाही. ज्याचा पैसा आहे त्याच्यासमोर, त्याला कळेल अशा भाषेत, आपल्या निर्णयाचे कारण सांगता येईल काय, ही कसोटी येथे उपयोगी पडते.

‘नाही’ म्हणणारा माणूस

व्यक्तीची नीती आवश्यक आहे, पण संस्था केवळ तिच्यावर चालत नाही. तेथे सुशासनाची गरज असते. सुशासन याचा व्यावहारिक अर्थ असा, की संस्थेत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस असावा आणि तसे म्हटल्यावरही त्याची नोकरी शाबूत राहावी.

सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळात नामवंत प्राध्यापक आणि माजी उच्च सनदी अधिकारी होते. १६ डिसेंबर २००८ रोजी प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव त्या मंडळाने मंजूर केला. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो लगेच मागे घ्यावा लागला. तीनच आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, खुद्द अध्यक्षांच्या पत्राने उघड केले की ताळेबंदातील रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेतील शिल्लक तपासण्याचा मार्ग किती साधा असतो! लेखापरीक्षकाने बँकेला थेट पत्र पाठवायचे आणि उत्तरही थेट बँकेकडूनच घ्यायचे. हे पथ्य तेथे नीट पाळले गेले नाही. पदव्या, पुरस्कार आणि प्रतिष्ठा यांची मंडळात रेलचेल होती. एका साध्या प्रश्नाची उणीव होती.

या उणिवेवर कायद्याने योजलेला एक उपाय म्हणजे अनुपालन अधिकारी. दलाली पेढीत हे पद नियमाने अनिवार्य असून, नियमभंग आढळल्यास त्याने तो त्वरित आणि स्वतंत्रपणे सेबीला कळवावा अशी तरतूद आहे. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पगार पेढीकडून घ्यायचा आणि प्रसंगी पेढीविरुद्धच लिहायचे, ही तारेवरची कसरत आहे. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय रोखे बाजार संस्था या अधिकाऱ्यांसाठी प्रमाणपत्र परीक्षा घेते. रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे तिचे संकुल आहे. परीक्षेने नियमांचे ज्ञान येते. वरिष्ठांसमोर उभे राहून ते ज्ञान वापरण्याचे धैर्य मात्र संस्कारातून आणि घरच्या आधारातून येते.

या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या तरुणांना काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. तोंडी आलेला संशयास्पद आदेश लेखी मागावा; निम्मे गैरव्यवहार तेवढ्यानेच थांबतात. स्वतःचे व घरच्यांचे रोख्यांतील व्यवहार कंपनीच्या नियमांनुसार वेळेवर जाहीर करावेत. ग्राहकाचा पासवर्ड, ओटीपी किंवा कोरी सही केलेला कागद सोयीसाठीसुद्धा आपल्याकडे ठेवू नये. हक्काची सलग रजा अवश्य घ्यावी. बँकांत संवेदनशील पदांवरील अधिकाऱ्यांना ती सक्तीने घ्यावी लागते. कारण टेबलावर दुसरा माणूस बसला, की दडलेले आपोआप वर येते.

गुंतवणूकदार कुटुंबांचेही काही कर्तव्य आहे. डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित विवरणपत्र न उघडता बाजूला टाकू नये. दलालाच्या विवरणपत्राशी ते ताडून पाहावे. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा. ठरावीक परताव्याची हमी देणारा कितीही जवळचा असला, तरी त्याच्याकडे पैसे सोपवू नयेत. तक्रार असेल तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या व्यवस्थेत ती लेखी नोंदवावी.

आणखी एक अपेक्षा घरातील वडीलधाऱ्यांकडून आहे. लग्नकार्यात भेटलेल्या, बाजारात नोकरी करणाऱ्या भाच्याला बाजूला घेऊन ‘काय रे, आतली काही खबर?’ असे आपण किती सहजपणे विचारतो! त्या एका प्रश्नाने आपण त्याची नोकरी, त्याची सनद आणि त्याचे नाव पणाला लावत असतो. तसेच, एखाद्या मुलीने वरिष्ठांचा अयोग्य आदेश नाकारला आणि त्यापायी तिचा बोनस गेला, तर घरी तिला ‘जगरहाटी’ शिकवली जाऊ नये. किती गेले हे विचारण्याऐवजी काय घडले ते शांतपणे ऐकून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेने कामावर जाण्याचे बळ तिला द्यावे. बाजाराचे नियम दिल्ली-मुंबईत लिहिले जातात. ते पाळणारी माणसे आपल्याच घरांत घडत असतात.